पेटीतील पदके कशी वाचावीत?

प्रश्न : आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत पणजोबांची तीन पदके जपून ठेवलेली आहेत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते स्वखुशीने पलटणीत भरती झाले होते. फ्रान्सच्या लढाईत त्यांनी एका जखमी गोऱ्या साहेबाला खांद्यावर टाकून आणले आणि त्या शौर्याबद्दल बादशहाने त्यांना तीन पदके दिली, असे घरात सांगतात. एक पदक चांदणीच्या आकाराचे आहे, एक चांदीचे गोल आहे आणि एक पिवळट धातूचे असून त्यावर पंख असलेली स्त्री आहे. चांदीच्या पदकाची वरची दांडी काढून सोनाराने तिथे कडी बसवली आहे, कारण आजोबा लहान असताना ते त्यांच्या गळ्यात घालत असत. त्याच्या कडेवर इंग्रजीत एक क्रमांक, ‘सिपॉय’ हा शब्द, पणजोबांचे नाव आणि ‘११७ मराठाज’ अशी बारीक अक्षरे आहेत. युद्ध संपल्यावरही पणजोबा बराच काळ परतले नाहीत आणि घरच्यांनी त्यांचे दिवससुद्धा घातले होते, असे वडील सांगत. ही पदके नेमकी कशाबद्दलची आहेत आणि फ्रान्सची हकिकत खरी मानावी काय? – एक वाचक, महाड

उत्तर : आपण पदकाच्या कडेवरील अक्षरे उतरवून पाठवली, हे फार चांगले केले. बहुतेक वाचक पदकाचे छायाचित्र पाठवतात, त्यात बादशहाचा मुखवटा स्पष्ट दिसतो आणि ज्या माणसाबद्दल विचारायचे त्याचे नाव मात्र कडेवरच राहून जाते. उत्तर देताना घरातील आख्यायिकेला थोडा धक्का बसणार आहे, तो आपण मोठ्या मनाने सोसावा, कारण त्या बदल्यात हाती येणारी हकिकत मूळच्या हकिकतीपेक्षा फिकी नाही.

आपल्या पेटीतील तिन्ही पदके युद्धसेवेची आहेत, शौर्याची नाहीत. युद्धसेवेचे पदक म्हणजे अमुक सैनिक अमुक काळात अमुक आघाडीवर हजर होता, याची धातूवर कोरलेली नोंद होय, आणि ते त्या आघाडीवरच्या प्रत्येकाला मिळत असे. शौर्यासाठी हिंदी सैनिकांना ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ आणि १९०७ साली सुरू झालेले ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ अशी वेगळी पदके होती, तर १९११ पासून ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ही त्यांना खुला झाला होता. यांपैकी काही मिळाले असते, तर ते या तिघांच्या सोबत, किंबहुना त्यांच्याही आधी, पेटीत दिसले असते. अर्थात पणजोबांनी कोणा जखमीला खांद्यावर आणलेच नाही, असा याचा अर्थ होत नाही. तशी कामे रणांगणावर पुष्कळ झाली आणि त्यांतल्या फारच थोड्यांची दखल कागदावर आली. मात्र ही तीन पदके त्या प्रसंगाचा पुरावा म्हणून दाखवता येणार नाहीत.

आता एकेक पदक हातात घेऊ. चांदणीच्या मध्यभागी आडव्या पट्टीवर ‘१९१४-१५’ असे आकडे असतील, मागे एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी दिसतील आणि वर मुकुट असेल. हा ‘१९१४-१५ स्टार’ होय. ५ ऑगस्ट १९१४ ते ३१ डिसेंबर १९१५ या काळात जो सैनिक प्रत्यक्ष आघाडीवर गेला, त्यालाच तो मिळे. त्याच्यासारखाच दिसणारा, पण पट्टीवर फक्त ‘१९१४’ असलेला दुसरा एक स्टार आहे. तो १९१४ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या महिन्यांत फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पोहोचलेल्यांसाठी होता. म्हणून पट्टीवरचे आकडे एकदा नीट पाहून घ्यावेत. चांदणीची मागची बाजू सपाट असते आणि नाव तिथे कोरलेले असते. चांदीचे पदक ते ‘ब्रिटिश वॉर मेडल’. त्याच्या एका अंगाला पाचवा जॉर्ज आहे आणि दुसऱ्या अंगाला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष असून घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि मानवी कवटी आहे. पंखवाली स्त्री ही विजयदेवता असून ते ‘व्हिक्टरी मेडल’ होय. त्याच्या पाठीवर ‘संस्कृतीसाठी झालेले महायुद्ध, १९१४–१९१९’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आहे. महाड तालुक्यातील शेतकऱ्याच्या पोराने कोणाच्या संस्कृतीसाठी इतक्या दूर जावे, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही; पण तो पदकशास्त्राच्या बाहेरचा आहे.

या तिन्हींपेक्षा महत्त्वाचे आहेत ते कडेवरचे दोन शब्द : ‘११७ मराठाज’. ही पलटण फ्रान्सला गेलेली नाही. १९१४ च्या शरद ऋतूत लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन फ्रान्सला गेल्या आणि त्यांच्यासोबत खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, कंपन्या गेल्या, तेव्हा मराठी माणसे फ्रान्सच्या चिखलात मुळीच नव्हती असे नाही. परंतु मराठा पायदळाच्या वाट्याला प्रामुख्याने मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक आला. सहावी पूना डिव्हिजन तिकडे रवाना झाली आणि तिच्या ज्या ब्रिगेडने नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणी आखाताच्या टोकाशी फाओ येथे पहिले पाऊल ठेवले, तिच्यात ११७ मराठा होती. त्याच महिन्यात बसरा पडले. एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याजवळ शैबा येथे तुर्कांशी तीन दिवस घनघोर लढाई झाली, त्यानंतर फौज तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेली आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे मोठी प्राणहानी सोसून मागे फिरली. आपल्याकडील चांदणीच्या पोटात एवढा प्रवास सामावलेला आहे. त्यातील किती प्रवास आपल्या पणजोबांनी केला, ते त्यांच्या भरतीच्या तारखेवर अवलंबून राहील. घरातील वृद्ध मंडळींच्या बोलण्यात कधी बसरा, बगदाद, तैग्रिस, खजुराची बने असे काही येत असे काय, हेही विचारून पाहावे. सातासमुद्रापलीकडची लढाई म्हणजे फ्रान्सची, असे पुढच्या पिढीने धरून चालणे स्वाभाविक आहे.

आता ‘दिवस घातले’ या वाक्याकडे वळतो, कारण आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती मला त्यातच दिसते. टेसिफोनहून मागे आलेली सहावी डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये कूट-अल-अमारा या नदीच्या वळणावरील गावात शिरली आणि तुर्कांनी तिला वेढले. वेढा पाच महिन्यांच्या आसपास चालला. रसद संपत आली तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस वाटले गेले. ते हिंदी सैनिकांपैकी अनेकांनी धर्मभावनेमुळे बरेच दिवस नाकारले आणि हळूहळू घटवत नेलेल्या पिठावर दिवस काढले, त्यामुळे त्यांच्यात हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग फैलावला. २९ एप्रिल १९१६ रोजी कूटने शरणागती पत्करली. शरण आलेल्या सुमारे १३ हजार लोकांत बहुसंख्य हिंदी होते आणि त्यांत ११७ मराठाबरोबर १०३ आणि ११० या दुसऱ्या दोन मराठा पलटणीही होत्या. तिथून त्यांना वाळवंटातून पायी हाकत नेण्यात आले आणि अनेकांना रास-अल-ऐनच्या परिसरात रेल्वेच्या बांधकामावर जुंपण्यात आले. उपासमार, हगवण आणि उष्मा यांनी त्यांतील किती तरी माणसे वाटेतच गेली. जे वाचले ते ३० ऑक्टोबर १९१८ रोजी तुर्कांशी झालेल्या युद्धबंदीनंतर सुटले आणि त्यानंतरही त्यांना गावी पोहोचायला महिनेच्या महिने लागले. घरच्यांनी ज्याचे दिवस घातले तो ११७ मराठाचा शिपाई पुढे दारात उभा राहतो, ही हकिकत कूटच्या कैद्याच्या हकिकतीशी तंतोतंत जुळते. दुसरी शक्यताही नोंदवतो : वेढ्यापूर्वी जखमी होऊन किंवा आजारी पडून ते मागे आले असतील आणि नंतर वेगळ्या तुकडीबरोबर पुन्हा गेले असतील. चांदणीच्या मागे आणि गोल पदकांच्या कडेवर पलटणीचे नाव एकच आहे की वेगवेगळे, हे पाहिले तर या बाबतीत थोडा उजेड पडेल.

स्वखुशीबद्दल आपण ओघात लिहिले आहे, पण तो शब्द जरा तपासून घ्यावा असे मला वाटते. हिंदी माणसावर सैन्यभरतीची कायद्याने सक्ती नव्हती, त्या अर्थाने दोन्ही महायुद्धांतला प्रत्येक हिंदी सैनिक स्वयंसेवकच होता. तथापि कोकणातल्या डोंगरउतारावरची वरकस जमीन, डोक्यावर सावकार आणि समोर महिना ११ रुपयांचा पगार, शिवाय पेन्शनची आशा, अशा स्थितीत ‘आपण होऊन गेला’ याचा अर्थ प्रत्येक घरी वेगळा होता. काहींच्या घरात पलटण ही परंपराच होती. युद्ध लांबत गेले तसा भरतीसाठी गावकामगारांवर आणि त्यांच्यामार्फत गावावर दबाव वाढला. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलावलेल्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक सहकार्याची सांगड स्वराज्याशी घालू लागले, तेव्हा त्यांना बोलूच दिले गेले नाही आणि ते सभात्याग करून निघून गेले. आपल्या पणजोबांची भरती १९१५ च्या अखेरीपूर्वीची असणार, हे चांदणीवरून उघड आहे. म्हणजे शेवटच्या दोन वर्षांतील रेट्यापूर्वीच ते पलटणीत होते. स्वखुशीच्या बाजूने आपल्याकडे असलेला हा सर्वांत सबळ पुरावा समजावा.

पुढे काय करावे? ११७ मराठा ही पलटण युद्धातील कामगिरीबद्दल ‘रॉयल’ झाली, १९२२ च्या पुनर्रचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन बनली आणि आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावी आहे. तेथील अभिलेख कार्यालयाकडे पदकावरचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण जशीच्या तशी कळवून विचारणा करता येते. नाव पदकावर ज्या इंग्रजी स्पेलिंगने आहे त्याच स्पेलिंगने लिहावे, ते चुकीचे वाटले तरी सुधारू नये, कारण पलटणीच्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले आणि कागदही त्याच रूपात सापडतात. जिल्ह्याचे नाव रायगड असे न लिहिता कुलाबा असे लिहावे. पेटीच्या तळाशी, कापडाच्या अस्तराखाली, डिस्चार्जचा कागद किंवा पेन्शनचे पुस्तक अडकलेले नाही ना, हे आधी पाहावे; पत्रव्यवहारात वर्ष जाते आणि उत्तर घरातच निघते, असा अनुभव आहे. गावच्या चावडीजवळ किंवा देवळाच्या भिंतीत, या गावातून महायुद्धाला इतके पुरुष गेले आणि त्यांतील इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर असलेली संगमरवरी पाटी आहे का, तेही पाहावे. कोकणात आणि सातारा जिल्ह्यात अशा पाट्या आढळतात. पाटीवर नावे नसतात, फक्त आकडे असतात.

चांदीच्या पदकाची दांडी गेली म्हणून हळहळू नये आणि नवी दांडीही जोडून घेऊ नये. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत कमी झाली असेल, पण कितीतरी घरांत हेच पदक आटवून त्याचे पैंजण झाले, त्या मानाने एका कडीवर भागले आहे. मात्र देवाच्या उपकरणांप्रमाणे चिंच किंवा राख लावून ते घासणे आजपासून बंद करावे, कारण प्रत्येक घासणीबरोबर कडेवरची अक्षरे झिजतात. अक्षरे पुसट झाली असतील तर पातळ कागद कडेवर ताणून धरावा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवावी; डोळ्यांना न दिसणारा आकडाही कागदावर उमटतो.

प्रश्न : माझे सासरे दुसऱ्या महायुद्धात होते. त्यांची सहा पदके आहेत, त्यांतली तीन सहा टोकांच्या चांदण्या आहेत. एकाही चांदणीवर त्यांचे नाव नाही. सहा पदके मिळवणारा सैनिक मोठा शूर असला पाहिजे, असे नातवंडांना वाटते. दोन पदकांच्या फिती तिरंगी आहेत, त्याचे तर आम्हांला कोडेच आहे, कारण इंग्रज सरकार तिरंगा कशाला देईल? – एक वाचक, सातारा

उत्तर : दुसऱ्या महायुद्धाच्या चांदण्या बहुधा कोऱ्याच असतात, म्हणून नाव नसल्याने ती पदके कोणा दुसऱ्याची असावीत, अशी शंका घेऊ नये. चांदणीच्या मधल्या वर्तुळात इंग्रजीत तिचे नाव असते, ते भिंगाने वाचावे. ‘१९३९-४५ स्टार’ सर्वसाधारण आहे. ‘आफ्रिका स्टार’ १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळातल्या उत्तर आणि पूर्व आफ्रिकेच्या आघाडीसाठी आहे, ‘इटली स्टार’ जून १९४३ पासून ८ मे १९४५ पर्यंतच्या सेवेसाठी आहे आणि ‘बर्मा स्टार’चा काळ डिसेंबर १९४१ पासून सुरू होतो. म्हणजे चांदण्या नुसत्या क्रमाने लावल्या तरी सासऱ्यांच्या तरुणपणाचा नकाशा तयार होतो.

तिरंग्याचे कोडे मजेदार आहे आणि त्याची उत्तरे दोन आहेत. फितीवर पट्टे मोजावेत. पाच पट्टे असतील, म्हणजे दोन्ही कडांना तांबडा, मध्ये हिरवा आणि त्यांच्या दरम्यान पांढरा, तर ती इटलीच्या ध्वजाच्या रंगांची ‘इटली स्टार’ची फीत आहे, ऐंशी वर्षांत तांबडा रंग विटून भगवट झाला, एवढेच. पट्टे तीनच आणि सारख्या रुंदीचे असतील, तर तो खरोखरच आपला तिरंगा आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सैन्यात असलेल्यांना देण्यात आलेले ते स्वातंत्र्याचे पदक असून त्याच्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि दुसऱ्या बाजूला अशोकचक्र आहे. मात्र त्या चक्रावर मुकुटही आहे. प्रजासत्ताक व्हायला अजून अवकाश होता त्या दिवसांची ही खूण. दोन्ही फिती आपल्याकडे असतील, तर सासरे इटलीहून परतल्यावरही सैन्यात राहिले आणि स्वातंत्र्याच्या दिवशी गणवेशात होते, हे सिद्ध होते. त्या पदकावर त्यांचे नाव मिळण्याचा संभव आहे, तेव्हा त्याची कड अवश्य पाहावी.

सहाच्या संख्येवरून शौर्य मोजता येत नाही, हे वर आलेच आहे. शौर्याचे पदक कशाबद्दल मिळते, ते नातवंडांना सांगायचे असेल तर इटलीचेच उदाहरण सांगावे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मोर्चावर धावून गेले, हातबॉम्ब टाकून त्यांनी तोफची आणि मशीनगन निकामी केली, टॉमीगनने एकाला टिपले, आणि गोळ्यांचे दुसरे मॅगझिन बसवायला वेळ नाही हे पाहून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांचे वय २२ होते. त्यांना मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला. त्या युद्धात हिंदी सैन्यात भरती झालेल्यांची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती आणि तेही सर्व स्वयंसेवक होते. त्यांच्यातून असा क्रॉस किती थोड्यांना मिळाला असेल, याची कल्पना यावरून यावी. आपल्या सासऱ्यांनी आफ्रिका आणि इटली या दोन्ही आघाड्या पार केल्या असतील, तर नातवंडांना तेवढे सांगणे पुष्कळ झाले.

प्रश्न : आमच्याकडे खापरपणजोबांचे एकच पदक आहे. ‘ब्रिटिश वॉर मेडल’वर असतो तसाच घोडेस्वार त्यावर आहे, असे माहितगारांनी सांगितले, पण ते चांदीचे नसून तांबूस धातूचे आहे आणि कडेवर नावाच्या आधी ‘भिस्ती’ असे आहे. एका व्यापाऱ्याने ते नकली ठरवून किरकोळ किमतीत मागितले. द्यावे काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच देऊ नये. ते नकली नाही. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ लढणाऱ्या सैनिकांना चांदीचे मिळाले आणि मजूर पथके व पलटणीबरोबर असणारे भिस्ती, आचारी, धोबी, झाडूवाले अशा बिनलढाऊ माणसांपैकी अनेकांना तेच पदक काशाचे मिळाले. साचा तोच, फीत तीच, धातू तेवढा हलका. खंदकापर्यंत पखाल घेऊन जाणाऱ्या माणसाला गोळी लागायची ती काही वेगळ्या धातूची नसे, परंतु सरकारी प्रतवारी अशी होती. काशाची पदके चांदीच्या मानाने फारच थोडी निघाली, म्हणून जाणकार संग्राहक ती आवर्जून शोधतात, हे त्या व्यापाऱ्याला ठाऊक असावे. शिवाय शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे, हेही त्याच्या कानावर घालावे.

आपण पदकाच्या कडेवरचा पुढचा मजकूर उतरवून पाठवलेला नाही. ‘भिस्ती’ आणि नाव यांच्यानंतर पलटणीचा आकडा असणार. तो ‘१११ महार्स’ असा निघाला, तर १९१७ साली उभारून १९२१ मध्ये मोडलेल्या अल्पायुषी पलटणीचे ते पदक ठरेल आणि त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल. आकडा कळवावा.